म्होरकी धरणारा तोरिबियो

फ्रेस्नेदिना गावात तोरिबियो पेलाएसच्या मालकीचं असं काही नव्हतं. राहायचा ती कोठी बेर्नार्दिनोंच्या गोठ्याला लागून होती, अंगावरचा जाड कोट बेर्नार्दिनोंच्या वारलेल्या भावाचा होता. पण दर जूनमध्ये सान व्हितेरोच्या बाजारात, जिथं आलिस्ते भागातली लांब केसांची काळी गाढवं तोंडाला बांधलेली म्होरकी धरून परीक्षकांपुढे फिरवतात, तिथं सगळ्यात आधी त्याचीच चौकशी व्हायची. "तोरिबियो आलाय का? नाही? मग थांब जरा, एवढ्यात जनावर आत नेऊ नकोस."

आठ वर्षांचा असताना तो बेर्नार्दिनोंकडे आला. यादवी युद्ध संपून तीन वर्षं झाली होती आणि डोंगराकडच्या घरांमध्ये चेस्टनटसुद्धा मोजून खात. बाप कोळसे पाडायचा. घरात सात पोरं, आई नुकतीच गेलेली. एका सकाळी बाप त्याला घेऊन चार तास चालत फ्रेस्नेदिनात आला. बेर्नार्दिनोंच्या अंगणात तेव्हा घोड्या घेऊन आलेल्या माणसांची रांग असायची, कारण त्यांच्या वळू गाढवापासून होणारी खेचरं पार सालामांकापर्यंत नावाजलेली. त्या वळूचं नाव कापितान. अंगणातल्या अक्रोडाच्या झाडाला तो बांधलेला होता. बापानं त्याचा दोर सोडला आणि पोराच्या हातात दिला.

"हा धर. मी धन्याशी बोलून येतो."

बाप आत गेला, बोलला आणि मागच्या दारानं डोंगराच्या वाटेला लागला. पोराला दोन वेळचं जेवण आणि वर्षाला एक जोडा बूट, असं ठरलं होतं. पोराला कुणी काही सांगितलं नाही. कापिताननं आदल्या वर्षी एका गड्याचा खांदा चावून मोडला होता, हेही कुणी सांगितलं नाही. तो दोर धरून उभा राहिला. दुपार झाली, घोड्या आल्या नि गेल्या, चर्चची संध्याकाळची घंटा झाली. बेर्नार्दिनो बाहेर आले तेव्हा पोरगा तिथंच होता, आणि कापितान त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवून डुलक्या घेत होता.

"पोरा, तुझा बाप दुपारीच गेला."

"मला धरायला सांगितलंय."

"सोड आता तो दोर. आत चल."

"येईपर्यंत धर म्हणालेत."

बेर्नार्दिनो रागीट माणूस. तरी त्यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, दोमितिलाला, हाक मारली आणि पाव आणि डुकराच्या चरबीचा तुकडा आणायला सांगितला. पोरानं एका हातानं खाल्लं. मग बेर्नार्दिनोंनी पोराला आणि वळूला, दोघांनाही एकदमच गोठ्यात नेलं.

त्यानंतर बाप त्याला दोनदा भेटला. दोन्ही वेळा बाजारात, गर्दीत, उभ्या उभ्या.

जनावर शांत कसं करतोस, असं लोक त्याला जन्मभर विचारत राहिले. त्याला सांगता यायचं नाही. तो ओढायचा नाही, चुचकारायचा नाही, बोलायचाही नाही. दोर सैल ठेवून नुसता उभा राहायचा, आणि थोड्या वेळानं जनावर त्याच्यासारखंच उभं राहायचं. चारही खूर सारखे, मान वर, कान पुढे. "घाई माणसाला असते," एवढंच तो एकदा म्हणाल्याचं आठवतं.

दोमितिला आणि तो एकाच अंगणात वाढले. ती शाळेत जायची, तो जायचा नाही. बारा वर्षांची असताना तिनं त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिठात बोट फिरवून त्याचं नाव लिहायला शिकवलं. पुढची अक्षरं शिकवायची राहिली, कारण तिच्या आईनं ते बघितलं आणि पीठ पुसून टाकलं. वीस वर्षांची झाल्यावर तिचं अनिसेतोशी लग्न झालं आणि तो आईला घेऊन त्याच घरात राहायला आला. अनिसेतो रस्त्याच्या कामावर मुकादम होता, मोठ्यानं हसणारा, मनानं चांगला. तोवर तोरिबियो तिला नावानं हाक मारायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं अंगणातून विचारलं, पाणी भरलंस का, तर तो म्हणाला, "हो, बाई. भरलंय." ती क्षणभर थांबली आणि आत गेली. तेव्हापासून ती 'बाई' आणि 'तुम्ही', आणि तो 'तू'.

पुढं ट्रॅक्टर आले. खेचरं कुणाला नकोशी झाली, अंगणातली घोड्यांची रांग आटली, आणि आलिस्तेतली गाढवं ट्रकमध्ये भरून कुठं कुठं खाटकांकडे गेली. बेर्नार्दिनोंनी ते बघितलं आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. अनिसेतो म्हणाला, "या दोन गाढविणी कशाला पोसायच्या? काढून टाकू." दोमितिला म्हणाली, "माझ्या बापाच्या आहेत त्या." त्या राहिल्या. त्यांच्यामागे तोरिबियोही राहिला.

अनिसेतो गेला तो चेस्टनटच्या झाडावरून पडून, त्र्याऐंशीच्या शरदात. त्यांची एकुलती मुलगी अंपारो त्याआधीच बिल्बाओला शाळेच्या भटारखान्यात कामाला लागली होती. घरात दोमितिला एकटी, गोठ्याशेजारच्या कोठीत तोरिबियो. जेवायला दोघं एकाच टेबलाशी, ती चुलीकडच्या टोकाला, तो दाराकडच्या. तिचं वय सत्तेचाळीस, त्याचं एकोणपन्नास. गावाला आणखी काय हवं होतं?

वर्षभरानं एका रविवारी तोरिबियो बारमध्ये वाइनचा पेला घेऊन बसला होता. सेलेदोनियो तिथंच पत्ते खेळत होता. त्याचीही गाढवं होती, आणि जीभ त्याहून जास्त धावायची.

"तोरिबियो, तुझ्या हातात कुठलंही जनावर थंड होतं म्हणतात. खरं का रे?"

"म्हणतात."

"मग बाईंनाही म्होरकी घालून बघ की एकदा. वर्ष झालं, आता किती दिवस ताटकळत ठेवणार?"

सगळे हसले. तोरिबियोनं पेला तसाच ठेवला, उठला, टोपी घातली आणि बाहेर पडला. त्यानंतर दोन वर्षं त्यानं बारची पायरी चढली नाही.

ही गोष्ट दोमितिलाच्या कानावर गेली. अशा गोष्टी जातातच. महिन्याभरानं, नोव्हेंबरात, दोघं चुलीपुढे चेस्टनट भाजत बसले होते. बाहेर धुकं इतकं दाट की गोठाही दिसत नव्हता.

"बारमध्ये का जात नाहीस?" तिनं विचारलं.

"वाइन आंबट झालीय त्यांची."

ती काही वेळ चेस्टनट परतत राहिली. मग निखाऱ्यांकडे बघतच म्हणाली, "तुझ्या कोठीत ओल आली आहे. रात्रभर खोकतोस, मला ऐकू येतं. वर अनिसेतोच्या आईची खोली रिकामीच आहे. चुलीचं धुराडं तिच्या भिंतीतूनच जातं, गरम असते. तू वर ये राहायला."

तोरिबियोच्या हातातलं चेस्टनट पोळत होतं, तरी त्यानं ते खाली ठेवलं नाही. त्याला बारमधलं हसू ऐकू येत होतं. आपल्याला हसले तर हसू देत, पण उद्या बाई चर्चमध्ये शिरतील तेव्हा बायका कशा बघतील, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं.

"जनावरं एकटी पडतील, बाई," तो म्हणाला.

"तेही खरंच," ती म्हणाली आणि उठून भांडी आवरायला लागली.

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. आपण दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं, हे त्याला कोठीच्या दारापर्यंत पोचायच्या आतच कळलं. पण परत जाऊन काय म्हणायचं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. पुढची वीस वर्षं चुलीपुढे बसला की ते त्याच्या ओठांपर्यंत यायचं आणि तो विचारायचा, "उद्या गवत कापायचं का, बाई?"

नव्वदनंतर सामोराहून सरकारी माणसं आली आणि गाढवं मोजून गेली. फार थोडी उरलीत, जपायला हवीत, असं ठरलं. वंशावळीचं पुस्तक, शिक्के, मालकीचे निळे कागद आणि सान व्हितेरोच्या बाजारात स्पर्धा. नर वेगळे, गाढविणी वेगळ्या, शिंगरासकट आया वेगळ्या. म्होरकी धरून जनावर रिंगणात आणायचं, परीक्षकापुढे चौरस उभं करायचं, सरळ चालवून परत आणायचं, मग दुडकी चालवायची. परीक्षक डोकं बघतो, कान बघतो, दात, पाय, खूर, आणि केस. आलिस्तेच्या गाढवाचे केस कापत नाहीत. ते पोटाखाली झुलले पाहिजेत, जुन्या कांबळ्यासारखे.

पहिल्याच वर्षी दोमितिलानं आपली गाढवीण पाठवली. म्होरकी अर्थात तोरिबियोच्या हातात. आदल्या दिवशी त्यानं तिच्या केसांतला चिखल खराऱ्यानं न ओढता बोटांनी एक एक बट धरून मोकळा केला. रिंगणात बाकीच्यांची जनावरं मालकांना फरफटवत होती. एकानं तर परीक्षकाची टोपी पळवली. दोमितिलाची गाढवीण मात्र अशी उभी राहिली की परीक्षकानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "ही खरी आहे ना?" पहिला नंबर तिचा. भोंग्यावर नाव आलं, "मालकीण, दोमितिला फेर्रेरास."

दुसऱ्या वर्षापासून सगळे त्याच्या मागं लागले. एका सकाळीत तो सहा-सहा वेळा रिंगणात जायचा, दरवेळी वेगळ्या माणसाचं जनावर घेऊन. सेलेदोनियोसुद्धा आला, टोपी हातात धरून, आणि तोरिबियोनं त्याच्याही वळूची म्होरकी धरली. नाव मालकाचं पुकारलं जायचं. वर्तमानपत्रात फोटो यायचा तो जनावराचा आणि मालकाचा. दोमितिलाच्या स्वयंपाकघरात अकरा फोटो टांगलेले होते. त्यांतल्या नऊ फोटोंत काठाशी एक कोपर दिसायचं किंवा दोर धरलेली मूठ. तोरिबियोला त्याचं काही वाटत नसे. दोमितिला रिंगणाच्या दोरापाशी, पाण्याच्या नळाजवळच्या कोपऱ्यात उभी राहायची, काळी पिशवी दोन्ही हातांनी धरून. तो तिच्याकडे कधी बघायचा नाही. बघायची गरजच नव्हती.

दोन हजार पाचच्या शरदात तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी सामोराला नेलं, परत आणलं, आणि अंपारो बिल्बाओहून येऊन राहिली. जानेवारीत एक दिवस दोमितिलानं त्याला वर बोलावलं. अनिसेतोची शवपेटी खाली आणायला खांदा दिला होता, त्यानंतर आज तो पहिल्यांदा त्या जिन्यावर पाय ठेवत होता. बूट दारात काढून, मोज्यांवर, तो तिच्या पलंगाशी उभा राहिला. ती अगदी लहान झाली होती. तिनं उशीखालून एक निळा कागद काढला.

"वाच."

"मला कुठं येतं, बाई?"

"एवढं येतं तुला."

त्यानं कागद खिडकीकडे धरला. गोलोंद्रिनाचा कागद होता तो, त्यांची सात वर्षांची गाढवीण, तिचं नाव पाकोळीवरून ठेवलं होतं. शिक्क्याखालच्या ओळीत त्याला आपलं नाव दिसलं. तेवढंच त्याला वाचता येत होतं.

"सप्टेंबरातच करून ठेवलंय," ती म्हणाली. "जूनमध्ये तिला ने. तुझ्या नावानं."

"तुम्ही येणार ना?"

"नाही रे, तोरिबियो."

तो तसाच उभा राहिला. त्याला जे बोलायचं होतं त्यासाठी याहून योग्य वेळ पुन्हा येणार नव्हती, हे त्याला कळत होतं. "चारा टाकायचाय," तो म्हणाला. तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. चर्चमध्ये तो सगळ्यात मागच्या बाकापाशी उभा होता. अंपारोनं पुढं ये म्हणून खूण केली. त्यानं टोपीकडे बघितलं आणि तो हलला नाही.

अंपारो चांगली बाई. "काका, घर मी बंद करतेय, पण तुम्ही हवं तितके दिवस राहा," ती म्हणाली. "कोठीत कशाला, घरातच राहा." जायच्या आधी ती सामान आवरत होती, तेव्हा तिनं त्याला वरच्या मधल्या, आजीच्या खोलीतली गादी खाली आणायला सांगितलं.

त्या खोलीत तो कधीच गेला नव्हता. पलंगावर चादर घातलेली होती, धुतलेली, कडा दाबलेल्या. उशाशी डांबराच्या गोळ्यांचा वास. दारामागे एक लाकडी खुंटी, आणि पलंगाशेजारी एक बुटकं स्टूल, बूट काढायला बसता यावं असं. दर वसंतात आणि दर शरदात अंगणातल्या दोरीवर वाळणाऱ्या या चादरी त्यानं वीस वर्षं बघितल्या होत्या. अंपारोसाठी असतील, असं त्याला वाटायचं.

"तू इथं झोपतेस ना, आलीस की?" त्यानं विचारलं.

"मी? नाही, मी आईजवळच झोपायचे. ही खोली ती कुणाला द्यायचीच नाही. पाहुणे आले तरी नाही." अंपारो कपाटातले कपडे घडी करत होती. "आणि बघा ना, पलंग खिडकीला चिकटवून ठेवलाय. थंडीत खिडकीशी कुणी झोपतं का? पूर्वी तो त्या भिंतीशी होता."

तोरिबियो पलंगाच्या काठावर बसला. बसल्यावर खिडकीतून गोठ्याचं दार सरळ दिसत होतं, आणि दाराच्या वरच्या फळीवरून गोलोंद्रिनाचं डोकं.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"जिना चढून दम लागला," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं गादी गुंडाळली, खांद्यावर घेतली आणि खाली नेली. त्या रात्री आणि पुढंही तो कोठीतच झोपला.

जून आला. त्यानं गोलोंद्रिनाचे केस पंधरा दिवस आधीपासून मोकळे करायला घेतले. दोमितिलाच्या बापाची पितळी कड्यांची म्होरकी तेल लावून मऊ केली. नवा पांढरा शर्ट अंपारोनं टपालानं पाठवला होता. बाहत्तर वर्षांचा तोरिबियो सेलेदोनियोच्या ट्रेलरमधून सान व्हितेरोला गेला. सकाळी त्यानं नेहमीसारखी तीन दुसऱ्यांची जनावरं आत नेली. तिन्ही दगडासारखी उभी राहिली, त्यांतल्या एका नराला पहिला नंबर मिळाला. मग मोठ्या गाढविणींचा वर्ग लागला आणि भोंग्यावर आवाज आला, "गोलोंद्रिना. मालक, तोरिबियो पेलाएस, फ्रेस्नेदिना."

लोकांनी तो आत यायच्या आधीच टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना माहीत होतं. तो रिंगणात शिरला, चार पावलं चालला, आणि त्याची मान आपोआप नळाजवळच्या कोपऱ्याकडे वळली. तिथं एक तरुण बाप खांद्यावर मुलगी घेऊन उभा होता.

त्याच्या हाताला कंप सुटला. आधी बोटांना, मग मनगटापर्यंत. दोरातून तो गोलोंद्रिनाला पोचला. तिनं डोकं झटकलं. त्यानं तिला चौरस उभं करायचा प्रयत्न केला तर तिनं मागचा पाय उचलून पुढं टाकला. तो पाय सरळ केला तर पुढचा वाकडा पडला. त्या वर्षी परीक्षक एक तरुण पशुवैद्य बाई होती. तिनं हातातला कागद खाली केला.

"सावकाश, काका. आपल्याला घाई नाही."

"नाही, नाही," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं जनावराचा दोर ओढला. दुडकीच्या वेळी गोलोंद्रिना रिंगणाच्या मधोमध थांबली आणि हललीच नाही. तो तिच्याशेजारी उभा होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि भोवतालचे लोक इतके गप्प झाले होते की नळ ठिबकल्याचं ऐकू येत होतं. सहांत पाचवा नंबर आला. परीक्षक बाईनं त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाली, "जनावर सुंदर आहे." ते खरंच होतं, म्हणून त्याला अधिक लागलं.

दुपारी तो ट्रेलरच्या सावलीत बसला होता. सेलेदोनियो लाकडी ताटलीत तिखट घातलेला ऑक्टोपस आणि पाव घेऊन आला आणि बाजूला टेकला. त्याच्याही गुडघ्यांनी आता दगा दिला होता, खाली बसायला त्याला बराच वेळ लागला. दोघांनी चार घास खाल्ले.

"मी तेव्हा बारमध्ये बोललो होतो," सेलेदोनियो म्हणाला. "तुला आठवत नसेल."

"आठवतंय."

"गंमत करत होतो रे. पत्ते वाईट आले होते."

"बाईंनी मला वरची खोली देऊ केली होती," तोरिबियो म्हणाला.

सेलेदोनियोचा घास तोंडातच राहिला. "कधी?"

"त्याच नोव्हेंबरात."

सेलेदोनियोनं ताटली गवतावर ठेवली. मग त्यानं पाव मोडून मोठा तुकडा तोरिबियोपुढे धरला आणि तोरिबियोनं तो घेतला.

गोलोंद्रिना गाभण होती. पुढच्या मे महिन्यात, सकाळी आठच्या सुमाराला, तिला कळा लागल्या आणि तोरिबियोला लगेच कळलं की काहीतरी अडलंय. शिंगराचा एकच पाय बाहेर आला होता. अल्कान्यिसेसचा पशुवैद्य दुसऱ्या गावात एका गाईपाशी अडकला होता. सेलेदोनियो धावत आला, म्हणजे त्याला येईल तेवढ्या वेगानं, आणि दोघा म्हाताऱ्यांनी कोपरापर्यंत साबण लावून दुमडलेला पाय सरळ केला. शिंगरू जिवंत निघालं, मादी, आईसारखी काळी, नाकपुड्यांभोवती पांढरी. पण गोलोंद्रिनाचं रक्त थांबेना. तोरिबियो तिचं डोकं मांडीवर घेऊन पेंढ्यात बसला. आता त्याचा हात स्थिर होता. अकरा वाजता ती गेली. पशुवैद्य साडेअकराला आला.

"हिला दूध कोण पाजणार?" सेलेदोनियोनं शिंगराकडे बघत विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "माझ्या गाढविणीचं परवाच मेलं. अजून पान्हा आहे तिला. बघू, घेते का."

वास लागावा म्हणून त्या गाढविणीचंच दूध शिंगराला चोळून झालं, तिच्या मेलेल्या शिंगराचं कातडं पाठीवर टाकून झालं, आणि तिसऱ्या दिवशी सेलेदोनियोच्या गाढविणीनं तिला जवळ घेतलं. तोरिबियो रोज सकाळी बघायला जायचा. महिन्यानं त्यानं शिंगराचा कागद सेलेदोनियोच्या नावावर करून दिला.

"वेडा आहेस का? तुझी आहे ती."

"तुझ्याकडे आई आहे तिला. माझ्याकडे काय आहे?"

"अरे, मोठी झाली की घेऊन जा."

"नको," तोरिबियो म्हणाला. "माझं म्हटलं की हात कापतो."

त्यानंतर बेर्नार्दिनोंच्या गोठ्यात जनावर राहिलं नाही. तोरिबियो तरीही रोज तिथलं झाडायचा. बाजारात मात्र तो जात राहिला, आणि लोक पूर्वीसारखेच त्याच्या हातात म्होरकी देत राहिले. दोन हजार नऊच्या जूनमध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, त्यानं ते शिंगरू, आता दोन वर्षांची मोठी पोर, रिंगणात नेलं. आत जाताना ती भोंग्याला बुजली, मग त्याच्याशेजारी थांबली आणि शांत झाली. दुसरा नंबर आला. "मालक, सेलेदोनियो रोमान." रिबिन सेलेदोनियोनं त्याच्या कोटाला लावायचा प्रयत्न केला, तर त्यानं ती काढून त्याच्याच खिशात घातली.

नोव्हेंबरात त्याचा खोकला छातीत उतरला. सेलेदोनियोनं त्याला अल्कान्यिसेसच्या दवाखान्यात नेलं. तिथं तो नऊ दिवस होता. शेवटचे दोन दिवस तो फारसा बोलला नाही. एकदा त्यानं विचारलं, "जिना कुठाय?" नर्सला वाटलं त्याला घरी जायचंय. ती म्हणाली, "आता इतक्यात नाही, आजोबा," आणि त्यानं मान हलवली.

अंत्यविधीला अंपारो बिल्बाओहून आली. फ्रेस्नेदिनाचे पाद्री पाच गावं सांभाळतात. त्या दिवशी त्यांची गाडी वाटेत बंद पडली आणि सगळे चर्चबाहेर थांबून राहिले. बारीक पाऊस होता. लोक चेस्टनटबद्दल बोलत होते, यंदा किडीचं प्रमाण जास्त आहे म्हणून. अंपारो छत्री घेऊन सेलेदोनियोच्या जवळ आली.

"सेलेदोनियोकाका, एक विचारू? आई आणि ते... त्यांच्यात काही होतं का?"

"नाही."

"खरं सांगा. मला राग नाही येणार. उलट..."

"नव्हतं, मुली," सेलेदोनियो म्हणाला. "एका टेबलाशी जेवायचे. वीसेक वर्षं."

"एवढंच?"

"एवढंच." तो काठीनं चिखलात रेघ ओढत राहिला. "होऊ शकलं असतं. एका माणसानं बारमध्ये तोंड उघडलं नसतं तर."

"कोणी?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिला कळलं असावं, कारण तिनं छत्री थोडी त्याच्या बाजूला कलती केली, पाऊस त्याच्या खांद्यावर पडत होता म्हणून. खालच्या वळणावर पाद्र्यांची गाडी दिसली, कुणीतरी ट्रॅक्टरला बांधून ओढत आणत होतं. लोक टोप्या काढून सरसावले. शवपेटी उचलायला चार जण हवे होते. सेलेदोनियोनं काठी अंपारोच्या हातात दिली आणि तो पुढं झाला.

"तुम्हाला झेपायचं नाही, काका," कुणीतरी म्हणालं.

"बाजूला हो," तो म्हणाला आणि त्यानं खांदा दिला.